सोडून गेलेल्यांची यादी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी एचआर सांभाळते. सोबत मशीन शॉपही आहे. २०१८ मध्ये आम्हाला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे ऑपरेटर मिळेनासे झाले. कळंबा रोडवरच्या आयटीआयत भरतीला गेलो, तर पोरं फॉर्म हातात घ्यायची, वर छापलेलं कंपनीचं नाव वाचायची आणि शेजारच्या टेबलाकडे सरकायची. एकाला मी थांबवून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, माझा दाजी होता तुमच्याकडं. नको म्हणालाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या पोराचा दाजी कोण, हे मला आठवतही नव्हतं.

साहेबांचं म्हणणं होतं की कंपनीचं नाव झालं पाहिजे. व्हिडिओ काढू, टी-शर्ट छापू, 'काम करायला उत्तम जागा' असं एखादं सर्टिफिकेट मिळवू. मी म्हटलं, "साहेब, त्या सर्टिफिकेटसाठी आपल्याच माणसांना नाव न विचारता प्रश्न विचारतात. आज विचारले तर काय लिहितील?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय ते सांगा." मी एक महिना मागून घेतला.

मी मागच्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी काढली आणि रोज दुपारी जेवणानंतर फोन लावायला बसले. काहींनी कंपनीचं नाव ऐकूनच फोन ठेवला. जे बोलले, ते भरभरून बोलले. मला वाटलं होतं सगळे पगारावरच बोलतील. पगार निघायचा, पण बराच उशिरा. आधी निघायचं ते असं: पगाराची स्लिप हातात मिळत नाही, सुपरवायझर आईबहिणीवरून बोलतो, जोतिबाच्या यात्रेला सुट्टी मागितली तर खाडा लावला. आणि जवळजवळ प्रत्येक जण शेवटी एकाच गोष्टीवर यायचा: सोडल्यावर हिशेब झाला नाही.

त्याच महिन्यात शिरोळकडचे एक काका गेटवर आले. हातात खताच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पोराची कागदं घडी करून ठेवलेली. "मॅडम, पोरगं दोन वर्सं होतं तुमच्याकडं. आता शेती बघतंय. त्याचा फंड मिळंना झालाय. चार खेपा झाल्या माझ्या." वॉचमनने चारही वेळा त्यांना बाहेरूनच परत पाठवलं होतं. मी त्यांना आत आणलं, चहा सांगितला आणि पीएफचं पोर्टल उघडलं. पोराची कंपनी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती. ती तारीख पडल्याशिवाय पीएफ निघत नाही आणि तेव्हा ती फक्त कंपनीलाच भरता यायची. (कामगाराला स्वतः भरायची सोय २०२० मध्ये झाली.) दोन मिनिटांच्या कामासाठी तो माणूस चार वेळा एसटीनं आला होता. चहाला त्यांनी हात लावला नाही. मला ते फार लागलं, आजही लागतं.

शोध घेतला तर कळलं की पोर्टलवर कंपनीतर्फे वापरायची आमची डिजिटल सही पीएफ कन्सल्टंटकडे पडून होती. तो महिन्याचं चलन भरायचा. गेलेल्यांची तारीख भरायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सही परत आणली. अकाउंट्सच्या मुलाला शेजारी बसवलं आणि एकेक नाव संपवत गेलो. आधारवर एक नाव, पीएफमध्ये दुसरं, असे कितीतरी. कुठे 'तानाजी'चं स्पेलिंग वेगळं, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. दोन महिने लागले. काम झालं की मीच फोन करून कळवायचे. पलीकडून आधी काही क्षण काहीच आवाज यायचा नाही.

साहेब एकदा म्हणाले, "गेलेल्यांसाठी एवढं कशाला?" मी त्यांना आयटीआयतल्या त्या दाजीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे माणूस नोकरी धरायच्या आधी गावातल्या, पाव्हण्यातल्या माणसाला विचारतो. आपल्या कंपनीबद्दल गावात बोलणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याला सोडून गेलेलाच असतो.

तेव्हापासून नियम केला. सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी माझ्यासमोर खुर्चीत बसतो. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी, उरलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे पुढच्या पगारासोबत. पाच वर्षं झालेली असतील तर ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. तीस दिवस हे कायद्यातच आहेत, आम्ही काही उपकार करत नव्हतो.

ओव्हरटाइमवरून मात्र खरी भांडणं झाली. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर होता. आमच्या परमनंट माणसांना तो मिळायचा, ठेकेदाराच्या पोरांना सिंगल. एकाच मशीनवर दोघं शेजारी उभे, घाम सारखाच. ठेकेदार म्हणायचा, परवडत नाही. मी साहेबांना दाखवलं की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानंच द्यायची, असं तेव्हाचा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता. तरी सहा महिने गेले. शेवटी ठेकेदार बदलला.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर चढली, रस्ता बंद, कंपनी बंद. आणि पगाराची तारीख सात. निम्मी माणसं शिरोळ, हातकणंगल्याकडची, घरात पाणी, जनावरं कुठं बांधायची याची पंचाईत. अकाउंट्सचा मुलगा लॅपटॉप घेऊन साहेबांच्या घरी पोचला. लाइट जात होती, नेट येत-जात होतं. मी फोनवर यादी वाचून दाखवत होते. ठेकेदाराचीही माणसं त्याच यादीत घेतली. सहा तारखेच्या रात्री उशिरा पैसे गेले. बंद दिवसांचा खाडा लावायचा नाही, हेही साहेबांनी त्याच रात्री ठरवलं, मला सांगावं लागलं नाही.

पाणी ओसरल्यावर माणसं एकेक करून परतली. मोल्डिंगमधला एक जण माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आधी बोलला काहीच नाही. मग बरोबर आणलेल्या दोन पोरांकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "भावकीतली हाईत. बघा काय जमतंय का."

भरतीला मी अजूनही कळंब्याला जाते. मशीन शॉपसाठी आता पोरं थांबून प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्न शिफ्टचे आणि गाडीचे.

फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या खात्यात, मात्र अजूनही माणूस टिकत नाही. कास्टिंग घासताना इतकी धूळ उडते की मास्क लावूनही तासाभरात नाक भरतं. तिथून सोडलेल्या तिघांना गेल्या महिन्यात मी खुर्चीत बसवलं, तिघांनीही धुळीचंच सांगितलं. नव्या डस्ट कलेक्टरचं कोटेशन साहेबांच्या टेबलावर आहे. सोमवारी त्या तिघांचे सोडतानाचे फॉर्म घेऊन मी साहेबांकडं जाणार आहे.