तुम्ही विचारलंत म्हणून: घरूनच काम का करत नाही?

"मॅडम, आता तर सगळं लॅपटॉपवर होतं, मग एवढी दगदग काहून करता?" आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. मेट्रोत शेजारी बसलेल्या काकू विचारतात, ई-रिक्षावाले दादा विचारतात, आणि सगळ्यात जास्त आमच्याच नात्यातले. मायेनंच विचारतात हो. उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, मांडीपासून कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, हातात कुबडी आणि वरून नागपूरचा मे महिना, त्यात कॅलिपरची पट्टी उन्हात अशी तापते की सलवारीवरूनसुद्धा चटका बसतो, तर त्यांचंही काही चुकत नाही.

आधी हे सांगते की जाण्या-येण्याचा आता तेवढा त्रास नाही. टेलिफोन एक्सचेंजला मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर चढते, वासुदेव नगरला उतरते, मधे गाडी बदलायची नाही, लिफ्ट आहे. पुढे एमआयडीसीत ऑफिसपर्यंत ई-रिक्षा. मी अकाउंट्सला आहे, जीएसटीचं काम बघते.

आणि घरून केलंय की मी. लॉकडाउनमध्ये चांगलं वर्ष-सव्वा वर्ष केलं. घरी बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई, मग कुकरच्या शिट्ट्या मोज, कुरिअर घे, आजीच्या गोळ्या दे, आणि "तू घरीच आहेस ना" हे वाक्य दिवसातून दहा वेळा. तिकडे ऑफिसात जे अधूनमधून येत होते त्यांना नवीन सॉफ्टवेअर शिकवलं, मला पीडीएफ पाठवली. इन्क्रिमेंटच्या वेळी साहेब म्हणाले, तुमचं काम चांगलं आहे, पण दिसत नाही ना. ज्यांना खरंच घरून सोयीचं आहे त्यांनी करावं, माझी एक मैत्रीण व्हीलचेअरवर आहे, तिचं उत्तम चाललंय. पण ते तिनं ठरवलं. मला लहानपणापासून सगळे घरीच बस म्हणत आलेत, आता त्यात लॅपटॉप जोडला एवढंच.

बरं, खरी दगदग कशाची होती ते कुणी विचारत नाही. ती होती संडासाची. लेडीज टॉयलेट देशी, एक पायरी वर, दार आत उघडणारं. कॅलिपर लावून उकिडवं बसताच येत नाही, आणि कुबडीसकट आत गेलं की दार लागत नाही. मग मी काय करायची, सकाळी सव्वाआठला घरी जाऊन घ्यायची आणि मग थेट संध्याकाळी साडेसहाला, आणि मधे पाणीच प्यायचं नाही. पंचेचाळीस डिग्रीत दिवसभरात दोन ग्लास. नऊ वर्षं. दुसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन झालं तेव्हा डॉक्टरीणबाई चिडल्या आणि मग मी एकदाची लाज सोडून ऑफिसात बोलले. पुरुष साहेबांसमोर हे बोलायचं म्हणजे काय असतं ते बाईलाच कळेल.

नोटीस बोर्डावर आमचं समान संधी धोरण लावलेलं आहे बरं का, अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि त्याचे नियम यांच्याप्रमाणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीलाही ते लागतं. अपंगांचं चार टक्के आरक्षण मात्र सरकारीतच, खासगीत नाही, हेही लोक मला नेहमी विचारतात. तर धोरण होतं, संडास नव्हता. २०११ च्या जनगणनेत अपंग पुरुषांपैकी ४७ टक्के कामाला होते आणि बायकांपैकी फक्त २३, त्याची कारणं पुष्कळ असतील, पण मला पहिलं हेच आठवतं.

मग काम निघालं. आधी काय आलं सांगू? दारावरचा 'दिव्यांग' बोर्ड. (मी अपंगच म्हणते, दिव्य काय आहे त्यात बाप्पा.) मग कमोड, पायरीच्या जागी उतार आणि मग धरून उठायची दांडी, तीही डाव्या भिंतीला, जिथे माझा हात पोचत नाही. शेवटी समोरच्या शेडमधला वेल्डर आला आणि म्हणाला, "ताई, बसून दाखवा, हात कुठं येते तुमचा?" नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं. त्यानं खडूनं भिंतीवर खूण केली, दार बाहेर उघडणारं केलं, दोन दिवसांत मोकळा. आता माझ्या टेबलावर लिटरची बाटली असते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका मुलीचा इंटरव्ह्यू झाला, तिला ऐकू येत नाही, टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, माझ्यापेक्षा फास्ट. एचआरवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, हिला घरूनच देऊ या का काम? म्हटलं तिला विचारलंस का? विचारलं तर तिनं कागदावर लिहून दिलं, बोलताना माझ्याकडे तोंड करून बोला, मला ओठ दिसले की झालं. सोमवारपासून येऊन राहिली ती. फक्त आमच्या साहेबांच्या मिशा ओठावर येतात, तेवढं एक अजून अडलंय.