तुम्ही विचारलंत म्हणून: फोन असताना हे कशाला?

लग्नात, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, परवा तर बँकेच्या लायनीत, मी खिशातून हे मशीन काढलं की शेजारचा विचारतोच, काका, फोन आहे ना तुमच्याकडे, मग हे काय आणि अजून कशाला वापरता? आणि मी हे थोडं वाढवून घेतलंय म्हटलं की दुसरा प्रश्न, वाढवलंत म्हणजे काय केलंत? उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान होत नाही, म्हणून आज नीट बसून लिहितोय.

हे एचपी 200 एलएक्स, खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर. 1994 साली बाजारात आलं, 1999 मध्ये बंद झालं. चष्म्याच्या मोठ्या घरासारखं उघडतं, वजन तीनशे ग्रॅमच्या जरा वर, आणि आत खरंखुरं डॉस 5 आहे, म्हणजे विंडोजच्या आधीची कमांड टाइप करायची सिस्टीम, वर लोटस 1-2-3, एक्सेलसारखा तक्त्यांचा प्रोग्रॅम, रॉममध्येच, म्हणजे कायमच्या मेमरीत भरलेला, म्हणजे इन्स्टॉल वगैरे भानगड नाही, बटण दाबलं की काल जिथे सोडली तीच शीट, त्याच खान्यावर कर्सर. प्रोसेसर 8 मेगाहर्ट्झलाही किंचित कमीच. स्क्रीन करडी, मागून लाइट नाही. दोन पेन्सिल सेलवर चालतं आणि ते सेल मला सहज तीन आठवडे पुरतात.

माझं काम स्टॉक मोजायचं. इंदूरच्या सियागंजातली गोदामं, जवळच्या पीथमपूरचे कारखाने, वर्षअखेरीला रात्र रात्र. 1997 मध्ये मेव्हण्यांनी परदेशातून येताना हे आणून दिलं, तेव्हा एक व्यापारी हातात घेऊन म्हणाला होता, भिया, ये तो कैलकुलेटर है. एका अर्थी बरोबरच होतं त्याचं, कारण याची बटणं कॅल्क्युलेटरसारखीच आहेत, टक टक वाजणारी, आणि उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन. पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहायचं, हमाल मोजून सांगतो तो आकडा अंगठ्यानं टाकायचा, टक झालं की गेला, खाली बघायचं कामच नाही. फोनच्या काचेवर हे जमत नाही हो, मी खूपदा करून बघितलंय, हात धुळीनं भरलेले असले की एक आकडा दोनदा पडतो नाहीतर पडतच नाही, आणि मोजणीत एक शून्य इकडचं तिकडे झालं तर सगळी रात्र वाया.

आता दुसरा प्रश्न, हे तुम्ही वाढवलंत म्हणजे काय केलंत. त्यासाठी 1999 ची दिवाळी सांगावी लागेल. या मशीनमधली सी ड्राइव्ह म्हणजे हार्ड डिस्क नव्हे, ती रॅमच आहे, विजेवर जिवंत राहणारी. मोठे सेल बदलताना ती सांभाळायला आत एक बटण सेल असतो, 2032 नंबरचा. माझा बटण सेल कधीच संपलेला होता आणि मला पत्ता नव्हता. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी दोन्ही पेन्सिल सेल काढले, नवे घातले, चालू केलं, तर मशीन अगदी नव्यासारखं, सगळं कोरं. चार दुकानांची मोजणी गेली. कागदावर निम्मंच होतं. पाडव्यापर्यंत मी त्या चारही दुकानांत परत गेलो आणि पहिल्या पोत्यापासून मोजलं, लोकांनी सणाचं दुकान उघडून दिलं ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर कार्ड घेतलं. मशीनच्या कडेला पीसीएमसीआयए कार्डाची, म्हणजे जुन्या लॅपटॉपला असायची तशी खाच आहे. कॅमेऱ्यात चालायची ती कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं एका चपट्या अडॅप्टरमध्ये बसवून त्यात जातात, त्या अडॅप्टरमध्ये काही सर्किट नसतं, 50 पिनांच्या तारा 68 पिनांना जोडलेल्या असतात फक्त. डॉसला ती ए ड्राइव्ह दिसते. पहिलं कार्ड 16 एमबीचं होतं, पुढे एका फोटो स्टुडिओवाल्याकडून जुनं 256 एमबीचं घेतलं, ते अजून आत आहे. कार्डावरचा डेटा सेल काढले तरी जात नाही, एवढ्याचसाठी सगळं केलं. एक छोटी बॅच फाइल, म्हणजे ओळीनं कमांड चालवणारी फाइल, लिहून ठेवलीय, रात्री निघताना ती चालवली की दिवसभराच्या शीट कार्डावर. घरी आल्यावर कार्ड काढून कॉम्प्युटरला लावतो, लोटसच्या त्या फाइली लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अजून व्यवस्थित उघडतात.

पुष्कळ लोकांनी याच्या पुढची मजल मारलीय. मशीन उघडून प्रोसेसरला ठोका देणारा क्रिस्टल बदलायचा, म्हणजे स्पीड जवळजवळ दुप्पट, किंवा आतली रॅम 32 नाहीतर 64 एमबीपर्यंत न्यायची. मी त्या वाटेला गेलो नाही. रॅम कितीही वाढवली तरी ती रॅमच, बटण सेल दगा देईल तेव्हा 2 एमबी जातील तसे 64 जातील. आणि दोन हजार ओळींची शीट हळू चालते म्हणाल, तर आपोआप होणारी आकडेमोड बंद ठेवायची, सगळं भरून झालं की एकदा एफ9 दाबायचं आणि तोवर चहा घ्यायचा.

घरच्यांना मात्र यातला कॅल्क्युलेटरच जास्त आवडतो. भाच्यानं घराच्या कर्जाचं विचारलं होतं, पाच लाख, 9 टक्के, वीस वर्षं. एनमध्ये, म्हणजे महिन्यांच्या हप्त्यांची संख्या, 240, व्याज 9, पीव्ही म्हणजे कर्जाची रक्कम पाच लाख, मग पीएमटी, म्हणजे महिन्याचा हप्ता, दाबलं, उत्तर आलं उणे 4,498.63. तो म्हणाला, मामा, उणे का? म्हटलं, अरे, पैसे तुझ्या खिशातून जाणार म्हणून. नंतर व्याज साडेनऊ करून बघितलं, मग वर्षं पंधरा, प्रत्येक वेळी एकच आकडा बदलायचा, बाकी सगळं तिथेच राहतं.

डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यापासून फंक्शन आणि स्पेस एकत्र दाबून अक्षरं मोठी करून घेतो, ओळी कमी दिसतात पण चालतं.

तुमच्या कुणाच्या कपाटात असं पडलेलं असेल तर आधी सेल काढा, गळलेले असतील. आतल्या पट्ट्यांवर पांढरं जमलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. मग नवा बटण सेल, मग नवे पेन्सिल सेल, आणि यापुढे दोन्ही कधीच एका वेळी बाहेर काढू नका. कार्ड डॉसच्या जुन्या फॅट16 मध्येच, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीतच, फॉरमॅट करा, फॅट32 केलेलं याला कळत नाही. तरीही अडलं तर घेऊन या, संध्याकाळी सातनंतर मी रामबागेत घरीच असतो.