मार्चमाँट स्ट्रीटवरचं दुकान आणि कस्टमवाले

लंडनला आलेले पाहुणे ब्रिटिश म्युझियम बघून दमले की त्यांना चहाला कुठे न्यायचं, हा इथल्या प्रत्येक मराठी घरापुढचा प्रश्न आहे. मी त्यांना रसेल स्क्वेअर ओलांडून मार्चमाँट स्ट्रीटला नेतो. छोटीशी गल्ली आहे, कॅफे बरे आहेत आणि 66 नंबरला 'गेज द वर्ड' हे पुस्तकांचं दुकान आहे. समलिंगी आणि ट्रान्स लेखकांची, त्यांच्याबद्दलची पुस्तकं तिथे मिळतात. गेल्या उन्हाळ्यात आलेले एक काका खिडकीतली मांडणी बघून थबकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे असं उघड्यावर?"

उघड्यावर यायला किती वेळ लागला, ते या गल्लीतच कळतं. जरा पुढे 57 नंबरला विनोदी नट केनेथ विल्यम्स लहानाचा मोठा झाला. त्याच्या वडिलांचं तिथे केशकर्तनालय होतं. 1965 ते 68 या काळात बीबीसी रेडिओवर दर रविवारी दुपारी तो आणि ह्यू पॅडिक दोन बायकी ढंगाच्या मित्रांची पात्रं करायचे. बोलायचे 'पोलारी'त, म्हणजे नाटकवाल्यांच्या आणि समलिंगी पुरुषांच्या चोरभाषेत. पुरुषांमधला समलिंगी संबंध 1967 पर्यंत इंग्लंडमध्ये गुन्हा होता. आणि तरीही अख्खा देश जेवणानंतर रेडिओपाशी बसून त्यांच्या द्वयर्थी विनोदांना हसत होता. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं, बाकीच्यांना नुसतं हसू यायचं. आपल्याकडच्या तमाशातल्या नाच्याला टाळ्या देणारं गाव त्याला घरी जेवायला बोलवायचं का, हा प्रश्न इथे मला हटकून आठवतो.

दुकान सुरू झालं जानेवारी 1979 मध्ये. त्या वेळी ब्रिटनमध्ये या विषयावरची पुस्तकं फार थोडी छापली जायची, म्हणून बराच माल अमेरिकेतून मागवावा लागे. त्यातूनच सगळं पुढचं घडलं. 10 एप्रिल 1984 ला दुकानावर धाड पडली. धाड पोलिसांची नव्हती, कस्टमची होती. 'ऑपरेशन टायगर' असं तिचं भारदस्त नाव! 142 वेगवेगळी पुस्तकं जप्त झाली. त्यात टेनेसी विल्यम्स होते, गोर व्हिडाल होते, ज्याँ जने होते. दुकान चालवणाऱ्यांवर अश्लील पुस्तकं आयात करण्याचा कट रचल्याचा आरोप ठेवला गेला.

कस्टमच का? ब्रिटनमध्ये छापलेल्या पुस्तकावर खटला भरायचा तर 1959 चा अश्लीलताविरोधी कायदा लागायचा, आणि त्यात साहित्यिक मूल्याचा बचाव करता येई. 1960 साली 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीच्या खटल्यात पेंग्विन प्रकाशन याच बचावावर सुटलं होतं. पण तेच पुस्तक बोटीतून आलं की 1876 चा कस्टम कायदा लागू होई. तिथे 'असभ्य' एवढं ठरलं की पुरे, साहित्यमूल्याचं कुणी ऐकून घेत नसे. समलिंगी साहित्यावर बंदी आहे, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ज्या दरवाज्याशी बचाव करायची सोय नाही, तो नेमका शोधून काढला एवढंच. मला यातली ही हुशारी सगळ्यात चीड आणते. बंदी घालणाऱ्याला निदान लोकांसमोर उत्तर द्यावं लागतं. गोदामात पार्सल अडवून ठेवणाऱ्याला कसलं उत्तर द्यायचंय?

वाचकांनी, लेखकांनी वर्गणी काढली, संसदेत प्रश्न विचारले गेले. शेवटी सुटका झाली ती मात्र एका भलत्याच खटल्यामुळे. एका ब्रिटिश कंपनीने पश्चिम जर्मनीतून हवा भरायच्या लैंगिक बाहुल्या मागवल्या होत्या, त्याही कस्टमने अडवल्या. मार्च 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की जी वस्तू देशात कायदेशीरपणे बनवता येते, ती युरोपीय समुदायातल्या दुसऱ्या देशातून येताना अश्लील म्हणून अडवता येणार नाही. सरकारी बाजूचा पायाच खचला आणि जूनमध्ये आरोप मागे घेतले गेले. थोरामोठ्यांचं साहित्य रबरी बाहुल्यांनी सोडवलं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळं हसले.

त्याआधीचा 'गे न्यूज'चा खटला मात्र हसण्यासारखा नाही. क्रुसावरून उतरवलेल्या येशूच्या देहाबद्दल एका रोमन सैनिकाला वाटणारी वासना, अशी जेम्स कर्कप यांची कविता या पाक्षिकाने 1976 मध्ये छापली. मेरी व्हाइटहाउस या बाईंनी खाजगी फिर्याद केली आणि 1977 साली संपादक डेनिस लेमन ईश्वरनिंदेत दोषी ठरले. कवितेच्या वाङ्मयीन मूल्यावर साक्ष काढायला न्यायाधीशांनी नकार दिला. 1979 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी दोषसिद्धी कायम ठेवली आणि वर सांगितलं की निंदा करायचा हेतू होता की नव्हता हे सिद्ध करायची गरजच नाही. कविता मला स्वतःला फारशी आवडली नाही. श्रद्धावान माणसाला ती लागेल, हेही कळतं. पण हेतू विचारायचाच नाही असं एकदा ठरलं, की मग लिहिणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या दुखण्यावर आपली शिक्षा मोजायची का?

आपला या गोष्टीशी संबंध काय, असं वाटत असेल तर र. धों. कर्वे आठवा. 'समाजस्वास्थ्य'मध्ये ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देत. त्यावरून 1934 साली मुंबईत खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. ते बॅरिस्टर झाले ते ग्रेज इनमधून, म्हणजे मार्चमाँट स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता, आणि बाबासाहेबांनी लैंगिकतेचे इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. याच एलिस यांचं समलिंगी आकर्षणावरचं पुस्तक विकल्याबद्दल 1898 साली लंडनमध्ये जॉर्ज बेडबरो यांना अटक झाली होती. लंडनने अश्लील ठरवलेलं ज्ञान मुंबईच्या कोर्टात पुरावा म्हणून उभं राहिलं. कर्वे हरले, 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र 1953 मध्ये ते जाईपर्यंत निघत राहिलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ईश्वरनिंदेचा गुन्हा रद्द झाला 2008 मध्ये. त्याच कायद्याने एक नवा गुन्हाही आणला: लैंगिक कलावरून द्वेष भडकवणं. त्यावर माझं आणि ऑफिसातल्या एका गे सहकाऱ्याचं अजून जमत नाही. या गुन्ह्यासाठी शब्द धमकीचे असावे लागतात आणि द्वेष पसरवण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. नुसती टीका चालते, अगदी धर्माच्या नावाने केलेलीही. मला ही मर्यादा योग्य वाटते, कारण 'गे न्यूज'ला हाच हेतूचा बचाव नाकारला गेला होता. तो म्हणतो, तुला बसमध्ये कुणी काही बोलत नाही, म्हणून तुला मर्यादा सुचतात. त्याला पोलिसांनी कशाला हात घालावा असं वाटतं, ते मी विचारलं. त्याने यादी केली, आणि तिसऱ्या-चौथ्या नोंदीला स्वतःच थांबून म्हणाला, "हे लिहिलं तर माझ्या आवडीची निम्मी नाटकं बंद पडतील."