इंदूरच्या हवेत सिगार ठेवायची तर आधी डबा, मग टक्के

सिगार घरी कशी ठेवावी याबद्दल काहीही वाचायला घ्या, ७० चा आकडा हटकून येतोच. ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण २१ अंश सेल्सिअस. हा हिशेब थंड देशांतल्या घरांचा आहे. इंदुरात खोलीत २१ अंश मिळतात ते थंडीचे दोन-अडीच महिने. मे महिन्यात कूलर लावूनही बंद कपाटात ३२-३३ अंश सहज असतात. म्हणून इथे डबा ६५ टक्क्यांवर ठेवावा, उन्हाळ्याचे महिने ६२ वर ठेवला तरी बिघडत नाही.

हा आकडा खाली का आणायचा, याची कारणं बरेच जण चुकीची देतात. गरम हवेत त्याच टक्क्यांना वाफ जास्त असते हे खरं, पण तंबाखूचं पान किती पाणी धरतं ते मुख्यतः टक्क्यांवर ठरतं, हवेतल्या वाफेच्या वजनावर नाही. खरं कारण बुरशी आणि किडा. दोघांनाही ऊब आणि ओल एकत्र लागते. ऊब आपल्या हातात नाही, म्हणून ओल कमी करायची.

आता इथली हवा. एप्रिलच्या दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून खाली. ऑगस्टच्या सकाळी तीच ९० च्या घरात. म्हणजे एकाच पेटीला वर्षातून काही महिने बाहेरच्या हवेला पाणी द्यायला लागू नये आणि काही महिने घ्यायला लागू नये अशी सोय हवी. फक्त ओल देणारी वस्तू आत ठेवून हे जमत नाही. आणि डबा गळका असेल तर आत काहीही ठेवा, इंदूरची हवाच जिंकते.

एक छोटं गणित केलं की प्राधान्य कळतं. २० लिटरच्या डब्यातल्या हवेत २५ अंशांना, ६५ टक्क्यांवर, वाफ असते जेमतेम ०.३ ग्रॅम. त्याच डब्यात १२ ग्रॅमच्या ५० सिगारी असतील आणि त्यांत वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी धरलं, तर ते सुमारे ७५ ग्रॅम होतं. सगळा साठा पानात आहे, हवेत काहीच नाही. त्यामुळे झाकण उघडल्यावर आत ठेवलेला आर्द्रतेचा मीटर ४५ दाखवू लागला तरी घाबरण्याचं कारण नाही. बंद केल्यावर पान स्वतःच हवेतली ओल भरून काढतं. नुकसान होतं ते झाकणाच्या फटीतून, रोज थोडं थोडं, आठवडेच्या आठवडे.

फट शोधणं सोपं आहे. रात्री खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च चालू करून पेटीत ठेवा आणि झाकण लावा. कडेने उजेड दिसला की तिथून हवा जाते. लाकडी पेटीसाठी दुसरी परीक्षा: कागदाची पट्टी झाकणात धरून ओढा, चारही बाजूंनी. ती अडखळत आली पाहिजे. अलगद निसटली तर ती बाजू ढिली आहे. काचेच्या झाकणाच्या पेट्या दिसायला देखण्या, पण काच आणि लाकूड यांच्या सांध्यात बहुतेक वेळा गळतात. आतून सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ मारून घ्यावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी.

स्पष्टच सांगायचं तर, इंदुरात पहिली पेटी लाकडी घेऊच नये. स्वयंपाकघरातले चार बाजूंनी क्लिप लागणारे, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेले डबे मिळतात, तोच घ्या. साध्या साबणाने धुवा, रिंग काढून तिच्या खोबणीतलाही साबण काढा, मग वाटीभर खायचा सोडा आत ठेवून चार-पाच दिवस बंद ठेवा. उघडल्यावर प्लास्टिकचा वास आला तर आणखी चार दिवस. ज्या डब्यात कधी लोणचं किंवा मसाला होता तो कितीही घासला तरी चालणार नाही.

डब्यात थोडं लाकूड हवं, कारण लाकूड पाणी धरतं आणि सोडतं, त्यामुळे चढउतार मऊ होतात. सिगारच्या पेट्यांना लावतात ते स्पॅनिश सीडर, नावात सीडर असलं तरी महोगनीच्या कुळातलं झाड. रिकाम्या सिगार-पेट्यांच्या फळ्या मिळाल्या तर सर्वांत उत्तम. सुतार हमखास देवदार सुचवेल, 'सीडर म्हणजे तेच' म्हणून. देवदार घेऊ नका. त्याच्या तेलाचा उग्र वास सिगारीत उतरतो. सागही तेलकट. आपल्याकडे मिळणारं तून हे स्पॅनिश सीडरच्याच कुळातलं आहे, पण नीट वाळलेलं, रंधून कोरं ठेवलेलं हवं: आतून पॉलिश नाही, वार्निश नाही, फेविकॉलने जोडलेलं प्लायवूड तर मुळीच नाही.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. काटा असलेले गोल पितळी मीटर शोभेचे असतात, दहा टक्के इकडेतिकडे हे नेहमीचंच. डिजिटल घ्या, पण तोही जसा मिळतो तसा बरोबर असेल असं नाही. मिठाचा संपृक्त लगदा बंद जागेत ७५ टक्के आर्द्रता धरून ठेवतो आणि खोलीच्या तापमानाला त्यात फारसा फरक पडत नाही. थंड पेयाच्या बाटलीचं झाकण मिठाने भरा, त्यावर थेंब थेंब पाणी टाका, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ विरघळून वर पाणी साचलं तर परीक्षा चुकते. झाकण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत, एकमेकांना न लागता, आठ ते बारा तास ठेवा. पिशवी कूलरसमोर किंवा उन्हात नको. मीटर ७१ दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक वाचनात ४ मिळवायचे. मीटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून '+४' लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही. हे मीठ परीक्षेपुरतंच. तेच डब्यात कायम ठेवायची युक्ती काहीजण सांगतात, पण ७५ टक्के आणि ३२ अंश म्हणजे बुरशीला आवतण.

आत ओलाव्यासाठी काय ठेवायचं, तर बोव्हेडा कंपनीच्या पाकिटांसारखी दुतर्फी पाकिटं. त्यांत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं आणि वरचं आवरण फक्त वाफ जाऊ देतं. हवा कोरडी झाली की पाकीट पाणी देतं, दमट झाली की घेतं. घट्ट प्लास्टिक डब्याला ६५ चं, लाकडी पेटीला ६९ चं, कारण लाकूड स्वतः काही ओढून घेतं. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारींच्या जागेला, आणि इथे जागा मोजायची, सिगारी नाही: ७५ मावतील अशा डब्यात २० असल्या तरी तीन पाकिटं. जास्त ठेवल्याने टक्के वाढत नाहीत, पाकिटं जास्त टिकतात इतकंच. ६५ आणि ७२ ची पाकिटं एका डब्यात मिसळू नका. एक देत राहतं, दुसरं घेत राहतं आणि दोन्ही लवकर संपतात.

पाकीट कडक झालं की संपलं. नवं असतानाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पेनाने त्यावर लिहून ठेवा, मग किती उरलं ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. आपल्याकडे पाकिटं स्वस्त नाहीत, म्हणून ती पुन्हा भरायची पद्धत आहे: बंद डब्यात डिस्टिल्ड पाण्याची वाटी, बाजूला जाळीवर पाकीट, मूळ वजन आलं की बाहेर. कंपनी हे सुचवत नाही. वजनाच्या पुढे गेलं तर आवरण फुटून खारं पाणी सिगारींवर सांडतं, तेव्हा रोज वजन बघणार असाल तरच करा.

पेटीबरोबर फुकट येणारा हिरवा फोम फक्त देतो, घेत नाही. तो वापरायचाच असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओल धरणारा द्रव) आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, आणि पावसाळ्यात तो सरळ बाहेर काढून ठेवा. पाणी मात्र डिस्टिल्डच. नळाचं नर्मदेचं असो की बोअरचं, त्यातले क्षार फोमच्या छिद्रांत बसतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. दवा बाजारात डिस्टिल्ड पाण्याचे कॅन मिळतात. बॅटरीचं पाणी घेतलं तर लेबल नीट वाचा, त्याच कपाटात ॲसिडही ठेवलेलं असतं.

तरीही लाकडी पेटी घेतलीच असेल तर ती आधी पाणी पाजून तयार करावी लागते. ओल्या फडक्याने आतून पुसायची जुनी रीत सोडा, लाकूड फुगून वाकतं आणि झाकण कायमचं ढिलं होतं. ८४ टक्क्यांची पाकिटं आत ठेवून १४ दिवस झाकण न उघडता ठेवा. नाहीतर प्लास्टिकच्या बशीत डिस्टिल्ड पाण्यात भिजलेला नवा स्पंज, मीटर ७२ च्या पुढे दोन-तीन दिवस स्थिर राहीपर्यंत. हे काम सप्टेंबरमध्ये करावं. लाकूड पावसाने आधीच अर्धं तयार असतं. मे महिन्यात बसलात तर तीच पेटी महिनाभर पाणी पीत राहते.

डबा कुठे ठेवायचा, यात घरोघरी चुका होतात. माळ्यावर नको, गच्चीचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. फ्रिजच्या डोक्यावर नको. कूलरच्या झोतात तर नकोच: कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की दोन तासांत कोरडी, आणि पेटी गळकी असेल तर रोज हा झोका खाते. घराच्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट, त्याचा सर्वांत खालचा कप्पा. राजवाड्याच्या बाजूच्या जुन्या जाड भिंतींच्या घरात हा कप्पा बाहेरच्या फ्लॅटपेक्षा बराच थंड राहतो. डब्यात बर्फाची बाटली ठेवू नका. बाटलीभोवतीची हवा थंड होऊन तिथली आर्द्रता एकदम वर जाते, पाणी सुटतं आणि नेमक्या त्या बाजूच्या सिगारी भिजतात. नेहमीचा फ्रिजही नाही. छोटा वाइन कूलर असेल तर १८ अंशांवर लावून घट्ट डबा त्याच्या आत ठेवणं हा इथल्या उन्हाळ्यावर सर्वांत खात्रीचा उपाय, फक्त महाग.

पावसाळ्यात लोक घाबरून बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकतात. त्या पुड्यांना ६५ वर थांबणं माहीत नसतं, त्या ओढतच राहतात. घट्ट डब्यात पावसाळ्यात काही करायचं नसतं. फक्त कमी वेळा उघडा, आणि उघडायचा तो दुपारी, पावसाच्या सकाळी नाही.

किडा. लॅसिओडर्मा हा तोच तपकिरी, तिळाएवढा किडा जो हळद, धणे आणि मिरचीत सापडतो. म्हणून सिगार मसाल्याच्या कपाटाच्या आसपासही नको. अंडी पानातून येऊ शकतात, २४-२५ अंशांच्या वर ती फुटायचा धोका वाढतो, म्हणजे इंदुरात वर्षातला बराच काळ. सिगारीवर टाचणीएवढं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली की तो डबा पूर्ण रिकामा करा. नवी आलेली प्रत्येक सिगार आधी गोठवलेली बरी: दुहेरी झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान तीन दिवस. घरातल्या फ्रीझरचं दार सारखं उघडतं, म्हणून आठवडा धरा. मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शेवटी बंद पिशवीच बाहेर, ती खोलीएवढी होईपर्यंत. घाई केली तर वरचं पान तडकतं, किंवा थंड सिगारीवर दव जमतं.

पांढरी बुरशी नुसती वरच्या पानावर असेल तर पुसून, वेगळ्या डब्यात ६२ वर ठेवून बघता येतं. टोकातून आत गेलेली दिसली तर फेकून द्या. डबा आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून, वास जाईपर्यंत उघडा ठेवायचा. वाळून कडक झालेली सिगार एकदम ६९ मध्ये टाकली तर आतली पानं आधी फुगतात आणि वरचं फाटतं. आधी ६२ वर दोन-तीन आठवडे, मग ६५. उडून गेलेला तेलाचा वास मात्र परत येत नाही. उलट, जास्त ओली सिगार एका बाजूने जळते, ओढायला घट्ट लागते. ती आठवडाभर ६२ वर ठेवली की बहुतेकदा सुधारते. सिगारीवरचं सेलोफेनचं पारदर्शक वेष्टण काढू नका, त्यातून वाफ जाते, आणि कुणी हाताळलं तर पान वाचतं. सुगंधी, गोड टोकाच्या सिगारी वेगळ्या डब्यात. डचांच्या पद्धतीच्या बारीक कोरड्या सिगारी मुळातच कोरड्या ओढायच्या असतात, त्यांना या सगळ्याची गरज नाही.

मे महिन्यात सगळं घर बंद करून पुण्या-मुंबईला महिनाभर जायचं असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी पाकिटं वजन करा, अर्ध्याखाली असलेली बदला, आणि प्रत्येक डब्यात एक जादा घाला. रिकामी जागा सीडरच्या फळ्यांनी भरा. डबा चादरीत गुंडाळून खालच्या कप्प्यात, वर दोन रजया. घर बंद असताना खोली ३८ पर्यंत जाऊ शकते, त्यामुळे न गोठवलेली पेटी मागे ठेवू नका. ती ओळखीच्या कुणाच्या एसीच्या खोलीत ठेवायला द्या, घट्ट डब्यासकट.