फिल्मसाठी एक लोकल हवी होती

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची फिल्म मी जानेवारीतच लिहून ठेवली होती. रात्रपाळीहून येणाऱ्या नातवाची वाट बघणारी आजी, एवढीच गोष्ट. गाडी थांबली की ती जिन्याकडे कान लावते, नुसतीच धडधडत गेली तर कूस बदलते. मुंबईच्या करी रोड स्टेशनला स्लो लोकल थांबते, फास्ट निघून जाते, आणि कुठली आहे हे आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही आवाजावरून कळतं.

22 मार्च 2020 ला लोकल थांबल्या, 25 पासून सगळंच थांबलं. एप्रिलच्या सुरुवातीला कॉलेजचा मेल आला की फिल्म द्यायचीच आहे, घरात जे असेल त्यातून करा.

घरात होती दहा बाय पंधराची खोली, त्यात पाच माणसं. नातू म्हणून धाकटा भाऊ, आजी म्हणून आजी. माझ्या फोनच्या लेन्सला तडा गेलेला, चांगला कॅमेरा बाबांच्या फोनला. आणि बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. अत्यावश्यक सेवेच्या बस चालू होत्या, त्यामुळे फोनही ड्युटीवर जायचा. बाबा परतले की कपडे बादलीत, बाबा मोरीत आणि फोन सॅनिटायझरच्या बोळ्याने पुसून माझ्या हातात. म्हणजे शूटिंग रात्री साडेदहानंतर. त्याआधी नऊ ते दहा आजी दूरदर्शनवरची मालिका बघायची, तेव्हा तिला हात लावायची सोय नव्हती.

पहिल्या रात्रीचं फुटेज पाहिलं तर भिंतीवर काळे पट्टे सरकत होते. दोष आमच्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, फोन मात्र आपल्या मर्जीने सेकंदाला 30 फ्रेम्सवर शूट करत होता. मॅन्युअल मोडमध्ये 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 सेकंद, म्हणजे विजेच्या तालात, केल्यावर पट्टे गेले. गणपतीच्या मखराचा थर्माकोल माळ्यावर होता, तो धाकट्याने चेहऱ्यावर उजेड परतवायला धरला. शॉटमध्ये नसेल तेव्हा त्याला हेच काम.

आवाजासाठी पंखा बंद करावा लागे. एप्रिलमध्ये, रात्री अकराला, पाच माणसांच्या खोलीत. आईने दोन टेक सोसले आणि मग म्हणाली, "तुझ्या फिल्मपायी आम्हाला उकडून मारणारेस का?" त्यानंतर तिसरा टेक कधी झालाच नाही. माझा फोन तांदळाच्या डब्यामागे लपवून त्यावर आवाज वेगळा रेकॉर्ड करायचे. एडिटला बसले तर सुरुवातीला जुळलेले ओठ चौथ्या मिनिटाला मागे पडायचे. दोन रात्री मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग कळलं की फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो, तो शूट करता करता कमीजास्त होतो. सगळ्या क्लिप्स हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर 25 वर आणल्या तेव्हा कुठे आजीचं बोलणं आजीच्या तोंडात बसलं.

आजी दिग्दर्शन घेईना. "रडायचं कशाला? पोरगं उशिरा येतं म्हणून कोणी रडतं का? मी तर चिडायचे." खरंच, बाबांची रात्रपाळी असताना ती चिडूनच बसायची. मी रडण्याचा प्रसंग काढून टाकला. ती ताटावर ताट आपटते, बस्स. माझ्या लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं झालं.

पण गाडीच नव्हती. ज्या आवाजावर अख्खी गोष्ट उभी, तोच मुंबईतून गेला होता. खिडकीत फोन ठेवून मी रात्रभर रेकॉर्ड केलं: कुत्री, केईएम हॉस्पिटलकडे जाणारी अँब्युलन्स, पहाटे नळाला पाणी आल्यावर बादल्यांची आदळआपट. इंटरनेटवर फुकटचे आवाज ढिगाने मिळतात. त्यातले चार आजीला ऐकवले. "ही आपली गाडी नव्हे," ती चारही वेळा म्हणाली. शेवटी सापडली ती मावशीच्या हळदीच्या व्हिडिओत. गॅलरीत बायका ओव्या म्हणतायत, कोणीतरी मला "नीट धर गं फोन" म्हणून ओरडतंय, आणि या दोन्हींच्या मधे 11 सेकंद निखळ स्लो लोकल, ब्रेक लागून थांबेपर्यंत. त्याचेच तुकडे जोडून, कुठे आवाज चढवून, कुठे उतरवून फिल्मभर वापरले. फास्ट काही मिळाली नाही. तिच्यासाठी त्याच आवाजातला थांबण्याचा भाग कापला. आजीला ते कळलं, पण तिने चालवून घेतलं.

मेच्या शेवटी चार मिनिटं चाळीस सेकंदांची फाइल अपलोड केली. दिवसाचा दीड जीबी डेटा, म्हणून आईच्या कार्डचाही हॉटस्पॉट. ऑनलाइन तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "ट्रेनचा साउंड लायब्ररीतला ना?" मी हळदीचं सांगितलं. ते हसले आणि पुढच्या मुलीकडे वळले.

15 जूनला अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी मोजक्या लोकल सुरू झाल्या. सकाळी आजी चहा गाळत होती. तिचा हात थांबला. "स्लो आहे," ती म्हणाली. मी रेकॉर्ड करायला धावले, तर माझा फोन चार्जिंगला लावलेला, मेलेला, आणि बाबांचा केव्हाच ड्युटीवर गेला होता.