दोन राऊटर आणले तरी स्पीड 94च

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, तिवंध्यातल्या एका वाड्यातून रिटायर्ड सरांचा फोन आला. "अरे बाबा, दुसरा राऊटर आणला तरी तेच रडगाणं, एकदा येऊन बघ." मी वायफाय न् सीसीटीव्हीची कामं करतो. गाडी लांब लावून चालत गेलो, जुन्या नाशकात गाडीला जागा मिळणं हेच निम्मं काम.

प्लॅन 300 एमबीपीएसचा. सूनबाई घरून काम करतात, मीटिंगमध्ये आवाज तुटायचा म्हणून सरांनी कंपनीच्या डब्यावर भरवसा न ठेवता स्वतःचा राऊटर आणला, स्वस्तातला, बॉक्सवर एसी1200 लिहिलेलं. सरांचा हिशोब सरळ, 300च्या चौपट! आता ते 1200 म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांची, 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5चे 867, यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा, आणि मागचे पोर्ट मात्र सगळे 100चे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला अर्ध्या इंचाचा पाईप. हे कळल्यावर सरांनी गिगाबिट पोर्टवाला वायफाय 6 आणला, सहा अँटेनावाला, उताणा पडलेल्या झुरळासारखा दिसतो. स्पीडटेस्ट मारली तर परत 94.

मी पोचलो तेव्हा तर नेटच बंद. सकाळी सरांनी ओएनटीतली (फायबर घरात येते तो कंपनीचा डबा) हिरव्या टोकाची फायबर काढून नव्या राऊटरला कुठे बसते का बघितलं होतं. अशा राऊटरला फायबरचं तोंडच नसतं, ती ओएनटीलाच राहते. परत लावताना पूर्ण आत गेली नव्हती, लाल लाईट लुकलुकत होता. टोक पुसून कट् आवाज येईपर्यंत दाबली, लाल गेला.

मग ओएनटी ब्रिज मोडला टाकायचा, म्हणजे त्याने नेट फक्त पुढे द्यायचं, नाहीतर दोन्ही डबे राऊटरगिरी करणार. कस्टमर केअरच्या पहिल्या दोघांनी "होतच नाही सर" म्हणून सांगितलं, तिसऱ्याने पाच मिनिटात करून दिलं, राऊटरमध्ये भरायचा व्हीलॅन नंबरही सांगितला. पीपीपीओईचा, म्हणजे नेटच्या लॉगिनचा, युजरनेम पासवर्ड सरांच्या वहीत होता, मास्तरी अक्षरात, त्यामुळे हा एल का एक ही भानगड नाही.

टेस्ट केली. 94. परत 94. हा आकडा दिसला की मी राऊटरला दोष देत नाही, 100च्या लिंकवरून वरखर्च जाऊन एवढंच हातात पडतं. राऊटरच्या पेजवर बघितलं तर वॅन (नेट आत येतं ते पोर्ट) 100वरच जोडलेलं, म्हणजे केबल! ओएनटी दारापाशी, राऊटर माजघरात, मधली केबल देवघरामागून गेलेली. जॅक कापला तर आत केशरी आणि हिरवी जोडी, निळी न् चॉकलेटी गायब. 100ला चार वायरी चालतात, गिगाबिटला आठच्या आठ लागतात. उरलेल्या गेल्या कुठे म्हणून देवघरामागे डोकं घातलं तर जॉइंट मारून बाहेर काढलेल्या.

सर शांतपणे म्हणाले, "ती आमची बेल आहे."

इलेक्ट्रिशियनने वायर वाचवली होती. बारा व्होल्टची बेल होती म्हणून बरं. नवी कॅट 6 ओढली, आठही वायरी क्रिंप केल्या, माजघरात 280च्या वर. सर एकदम खूष.

पण सूनबाई बसतात माडीवर, आणि मधे दीड-दोन फुटाच्या दगडमातीच्या भिंती, तिथे 5 गिगाहर्ट्झ पोचतच नाही, सहा अँटेना असोत की साठ. तिसरा राऊटर घ्यायला मी बंदी घातली. जिन्यावरून एक केबल वर नेली आणि तो पहिला, टाकून दिलेला 1200वाला अ‍ॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे केबलचं नेट नुसतं वायफायवर द्यायला, लावला. व्हिडिओ मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात. सूनबाईंनी लगेच कॉल लावला, आवाज स्वच्छ, चेहरा स्वच्छ.

सर चष्मा चढवून वर आले, मोबाईलवर स्वतः टेस्ट मारली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"अरे, हे तर परत 94च!"