खडियावर थांबलेलं पाणी

जैसलमेरला लोक किल्ला बघायला आणि वाळूत तंबू ठोकून झोपायला जातात. मी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन गेलो. बायको म्हणाली, "तिथंही पाण्याचंच का?" पण माझं गाव माणदेशातलं, बालपण टँकरच्या रांगेत गेलेलं. हे खूळ सुटत नाही.

जानेवारीतली सकाळ होती. पहिला मुक्काम कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडून दिलेलं गाव. जीपवाल्याला दुष्ट दिवाणाची आणि शापाची गोष्ट सांगायची होती, मला खडीन बघायचं होतं. त्यानं आधी गोष्ट सांगून टाकली, मगच खडीन दाखवलं.

खडकाळ माळाच्या पायथ्याशी आडवा घातलेला लांबलचक मातीचा बांध म्हणजे खडीन. इथं वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या सरींत. माळावर तो मुरत नाही, वाहत खाली येतो आणि बांधाआड तुंबतो. जास्तीचं पाणी नेष्ट्यावरून निघून जातं. नेष्टा म्हणजे आपला सांडवा. थंडी पडेपर्यंत बाकीचं पाणी मुरतं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. आपल्याकडच्या शाळूसारखंच, पेरल्यावर वरून पाणी द्यायचं नाही. मी हरभऱ्याच्या ओळीत बोट खुपसलं. वर भुसभुशीत धूळ आणि दोन पेरं खाली गारवा. दरवर्षी मुरणारं पाणी मातीतले क्षार धुऊन खाली नेतं, म्हणून ही जमीन खारवत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला खोदलेल्या विहिरीलाही गोडं पाणी लागतं, ते याच मुरण्याच्या जिवावर.

दुपारनंतर रामगडकडे निघालो. जवळच विप्रासर नावाचा तलाव आहे. उन्हाळ्यात तो आटला की लोक त्याच्या तळातल्या बेऱ्यांकडे वळतात. बेरी म्हणजे आड म्हणावा तर आड नव्हे. तोंड इतकं अरुंद की खोदणारा माणूस आत उकिडवा बसला की संपली जागा. मोठी कुदळ फिरवताच येत नाही, आखूड दांड्याचं हत्यार लागतं. अरुंद तोंडामुळं उन्हानं वाफ होऊन पाणी उडत नाही. मी एका बेरीवर ओणवा झालो. खाली काळोख, ओल्या मातीचा वास, आणि पोहरा आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं वर आला.

खरी गंमत बेरीच्या तळाशी आहे. इथं वाळूखाली काही ठिकाणी खडियाची, म्हणजे जिप्समची, पट्टी पसरलेली आहे. पावसाचं मुरलेलं पाणी त्या पट्टीवर अडतं, खालच्या खाऱ्या भूजलात मिसळत नाही. वाळूत ओल धरून राहतं आणि बेरी खणली की तिच्यात थेंबाथेंबानं पाझरतं. म्हणून खणताना पट्टी दिसली की हात आवरायचा. पट्टी फुटली की गोडं पाणी खाली पळालं.

जीपवाल्याच्या मामांकडे चहा झाला. सगळे त्यांना बासा म्हणत होते, मीही म्हणालो. त्यांनी पाण्याच्या तीन जाती सांगितल्या. आभाळातून पडून टाक्यात-तळ्यात साठतं ते पालर, खडियावर अडकून बेरीत झिरपतं ते रेजाणी, आणि पार खालचं ते पाताळ. "पाताळ पाण्यात डाळ शिजत नाही," आतून त्यांची सून म्हणाली. या वाक्यापुढं माझा मीटर काय सांगणार? तरी घातला. बेरीच्या पाण्याला तीन आकडी, अंगणातल्या बोअरच्या पाण्याला चार आकडी. ते प्यायल्यावर जिभेवर मचूळपणा रेंगाळला.

पण मीटरवरही फार विसंबू नये. तो एकूण क्षार सांगतो, त्यात फ्लोराइड किती ते नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड चालत नाही, आणि राजस्थानात ही मर्यादा ओलांडणारी पुष्कळ गावं आहेत. ते जिभेला कळत नाही, उकळून जात नाही. कळतं ते दातांवर तपकिरी पट्टे उमटल्यावर, पुढं हाडं ताठरल्यावर. टाक्यातल्या पालर पाण्याला निदान हा धोका नाही. फक्त पाऊस पडायच्या आधी आगोर, म्हणजे टाक्याभोवतीचं अंगण, लख्ख झाडून ठेवायचं, नाहीतर शेळ्यांच्या लेंड्याही आत.

पाताळ पाणी सगळंच वाईट असतं असं नाही. जैसलमेरकडच्या लाठी गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुरासिक वालुकाश्मात काही ठिकाणी चांगलं पाणी आहे, पण ते हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं. आता उपसू तितकं कमी होणार. जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगडजवळ डिसेंबर २०२४ मध्ये बोअर मारताना पाण्याचा असा लोंढा उसळला की यंत्रासह ट्रक जमिनीत गेला. लगेच सरस्वती सापडल्याची आवई उठली. बासांना विचारलं तर ते नुसते हसले.

निघताना सूनबाईंनी बेरीच्या पाण्याची बाटली हातात दिली.

मोहनगडपर्यंत इंदिरा गांधी कालवा येतो. १९५८ साली काम सुरू झालं. पंजाबातल्या हरिकेपासून इथपर्यंत जवळजवळ साडेसहाशे किलोमीटर. त्यानं तहान भागवली, यात वाद नाही. पण दुसरी बाजू बघायला परतीची वाट वाकडी केली, गाडी बदलली आणि सुरतगडजवळच्या बडोपलला गेलो. कालव्याचं झिरपलेलं आणि घग्गर नदीच्या पुराचं टेकड्यांमधल्या खोलगटात वळवलेलं पाणी इथं खालच्या कठीण थराला अडलं आणि हळूहळू वर आलं. लोक याला 'सेम' म्हणतात. तिकडं मूठभर पाऊस अडवणाऱ्या पट्टीला लोक जपतात, इथं तशाच थरावर कालवा ओतला गेला. वाळलेली झाडं पाण्यात उभी, कडेला मिठाची पांढरी साय, लांबवर पाणपक्ष्यांचे थवे. फोटो सुंदर येतात. मात्र ज्यांची शेतं खाली गेली त्यांना ते दाखवू नयेत.

मीटर बुडवायला म्हणून चार पावलं पुढं गेलो आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. मीटरला आकडाच येईना, त्याच्या आवाक्याबाहेरचं पाणी. कसाबसा गाडीपाशी आलो. बूट बघून गाडीवाल्याचा चेहरा पडला. "तुमच्या बॅगेत पाण्याची बाटली आहे ना, जरा धुऊन घ्या," म्हणाला.

बेरीचं दोन घोट पाणी उरलं होतं. दिलं नाही. बूट काढून मोज्यांवरच बसलो.